वाडी, वाडा आणि कुंपण

आमच्या राहूकडे वाडी म्हणजे दहा-वीस घरं. ऑफिसात शेजारी बसणारा गुहागरचा मित्र ‘वाडी’ म्हणतो तेव्हा त्याला नारळ-पोफळीची बाग म्हणायची असते. शब्द एकच, पण आमच्या वाडीत माणसं राहतात आणि त्याच्या वाडीत झाडं. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात हे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्यांना जोडणारा धागाही: कुंपण. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. तिथूनच वाटिका आली, वाडी आली आणि वाडाही. म्हणजे अशोकवाटिका आणि शनिवारवाडा शब्दांच्या नात्याने चुलत भावंडं!

बाहेरही हेच दिसतं. इंग्रजीतलं गार्डन, यार्ड आणि रशियन शहरांच्या नावातलं ‘ग्राद’ एकाच मुळाचे. पॅराडाइज हा शब्द प्राचीन इराणी भाषेतला. मूळ अर्थ, भिंतीने वेढलेली जागा. त्या शब्दात स्वर्ग नंतर आला, भिंत आधी होती.

घर असो की बाग, या शब्दांनी छप्पर पाहिलं नाही, झाडंही नाहीत, कड पाहिली. आणि कड आली की प्रश्न येतोच, आत कोण? मी कोड लिहितो तिथे हा रोजचा प्रश्न आहे. परवानगी कुणाला, हे कुणीतरी ठरवून लिहावंच लागतं. वाड्यांच्या बाबतीत ते जातीने लिहिलं. गावोगाव महारवाडा, मांगवाडा झाले. इथे कुंपण उलटं होतं: आतल्यांना जपायला नाही, त्यांना गावापासून लांब ठेवायला. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं पुढे आली. निर्णय योग्यच. नुसता पत्ता सांगताना जात सांगावी लागणं हा अपमानच होता. पण पाटी बदलली म्हणून वस्ती गावाच्या कडेवरून हलत नाही.

म्हणून मला जोतीराव फुले महत्त्वाचे वाटतात. घराणं मूळचं गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झालं. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या घराला आज फुलेवाडा म्हणतात. शब्द तोच जुना, कुंपणाचा. पण त्यांनी आत येणाऱ्यांची यादी बदलली. ती बदलणं पाटी बदलण्यापेक्षा अवघड होतं.

मग कुंपणच वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. दौंड-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून रानातल्या घरांभोवती तारा ओढल्या जातात. पोरं तारेच्या आत खेळतात. त्या आईबापांना कुंपणाविरुद्ध भाषण द्यायची माझी हिंमत नाही. वाडा हा शब्द जिथून निघाला तिथेच परत आलाय.

फक्त हंगाम सुरू झाला की त्याच उसाच्या आसपास तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. काठ्या, पाचट, वर ताडपत्री, उसाचंच घर. तिला तार नसते. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात जातात, आणि लहान पोरं मागे कोपीपाशी राहतात.