गावाबाहेरचा तीन

यजमानांची तुळशीची जपमाळ अजून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यालाच असते. ते गेल्याला सहा वर्षं झाली. पुसायला म्हणून परवा वैशाखातल्या भर दुपारी मी ती काढली आणि दोरा हातातच तुटला. कुजलाच होता. मणी फरशीवर उधळले, काही कॉटखाली गेले, काही थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. सुट्टीला आलेली नात परात घेऊन धावली. दोघींनी गुडघ्यावर बसून एकेक वेचला. मोजले तर १०७ भरले. मेरुमणी गोंड्यासकट माझ्या मुठीत होता, तो यात धरलेला नाही.

नातीला आपल्या मोजण्याची खात्री वाटेना. तिने मणी परातीत ओळींनी मांडले. दहा-दहाच्या ओळी लावल्या तर सात उरले. नऊच्या लावल्या तर आठ उरले. आठच्या लावल्या, तीन उरले. सातच्या लावल्या, दोन. प्रत्येक मांडणीला काहीतरी उरायचंच. ती वैतागली. "आज्जी, हे मणी ओळीत बसतच नाहीत."

मी म्हटलं, बसणारच नाहीत. १०७ ही मूळ संख्या आहे. दोन, तीन, पाच, सात एवढ्यांनी भाग जात नाही हे पाहिलं की पुढे पाहायची गरज नाही, कारण अकरा अकरा एकशे एकवीस, ते १०७ च्या पलीकडे गेलं. एखादा मोठा विभाजक असता तर त्याचा जोडीदार अकरापेक्षा लहान असता, आणि तो या चौघांच्या चाळणीत सापडला असता. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी फळ्यासमोर किती वेळा म्हटलं असेल. पण उरलेले मणी बोटाने बाजूला सारताना ते मला पहिल्यांदाच दिसलं.

हरवलेला मणी संध्याकाळी शिवणयंत्राच्या पायट्याखाली मिळाला. परातीत टाकला आणि एका क्षणात चित्र पालटलं. बाराच्या नऊ ओळी, सरळ, एकही मणी उरला नाही. नऊच्या बारा. अठराच्या सहा. सत्तावीसच्या चार. १०८ ला बारा विभाजक आहेत. शेजारच्या १०७ ला फक्त दोन, एक आणि ती स्वतः. १०८ हा आकडा कापरेकर सरांच्या हर्षद संख्यांतही बसतो. अंकांची बेरीज नऊ, आणि नवाने १०८ ला निःशेष भाग जातो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. शाळेची घंटा सांभाळून त्यांनी संख्यांवर जे काम केलं, ते जगभरच्या गणितींनी पुढे वाचलं. त्यांचं नाव काढल्याशिवाय मला १०८ शिकवताच येत नाही.

माळेत मणी १०८ च का, हे लहानपणी मी घरातल्या थोरांना विचारलं होतं. एकाने सांगितलं, राशी बारा आणि ग्रह नऊ. दुसऱ्याने सांगितलं, नक्षत्रं सत्तावीस आणि प्रत्येकाचे चरण चार. दोघांत खरं कोण, यावर ओसरीवर चांगली वादावादी झाली होती. आता कळतं की दोघांनीही त्या संख्येचे अवयवच पाडले होते, फक्त मध्येच थांबले होते. बारा नवे घ्या आणि तोडत चला, बारा म्हणजे दोन दोन तीन, नऊ म्हणजे तीन तीन. सत्तावीस चोक घ्या, सत्तावीस म्हणजे तीन तीन तीन, चार म्हणजे दोन दोन. खाली एकच ऐवज उरतो, दोन वेळा दोन आणि तीन वेळा तीन. नातीने वहीत तीन निरनिराळी झाडं काढली, प्रत्येक झाड वेगळ्या फांदीने सुरू केलं, आणि तिन्हींच्या तळाशी तेच पाच अंक आले. तिला याचं आश्चर्य वाटलं. वर्गात हे आश्चर्य मुलांना वाटू द्यायला मी फारसा वेळच दिला नव्हता, याचं आता वाईट वाटतं.

कारण हे आपोआप होत नाही. कुठूनही सुरुवात करा, मूळ अवयव तेच मिळणार, यालाच अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत म्हणतात. मूळ संख्येने गुणाकाराला भाग जात असेल, तर गुणलेल्या दोहोंपैकी एकाला तरी जातोच, हा त्याचा कणा युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी घालून दिला. पण पूर्ण सिद्धांत नीट मांडून, नीट सिद्ध करून ठेवला तो गाऊसने १८०१ मध्ये. इतका काळ माणसं ते गृहीत धरून चालली होती. मीही चाललेच की.

आमच्या कोल्हारला प्रवरेच्या काठी भगवतीचं देऊळ आहे. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर आणि वणी, ही साडेतीन पीठं इथे एकत्र नांदतात अशी गावाची श्रद्धा. देवळाच्या आवारात बसलं की ही भावना खरीच वाटते, कुठूनही या, आई एकच. हरिनाम सप्ताहातही काल्याच्या कीर्तनात हे हमखास येतं, की वाटा अनेक, मुक्काम एक. टाळकरी मान डोलावतात, मीही डोलावते. मनापासून डोलावते. पण मणी ओवायच्या तयारीला लागले त्या रात्री माझ्या मनात आलं, की हे वाक्यसुद्धा आपण त्या सिद्धांतासारखं गृहीतच धरलंय. ते कुठे खरं ठरतं आणि कुठे मोडतं, हे कुणी तपासलंय का? नातीच्या वहीच्या मागच्या पानावर मी एक खेळ मांडला.

समजा एक गाव आहे. त्या गावात फक्त सम संख्यांना राहायची मुभा आहे, विषम संख्यांना वेशीच्या आत येऊ देत नाहीत. २, ४, ६, ८ असे सगळे आत. ३, ५, ७, ९ बाहेर. या गावात गुणाकार चालतो, सम गुणिले सम पुन्हा समच येतं, म्हणजे गावाचा व्यवहार बाहेरून पाहता अडत नाही. आता इथे मूळ कोण? ज्याचे गावातल्याच दोघांत तुकडे पडत नाहीत तो. २ मूळ. ६ सुद्धा मूळ, कारण त्याला तोडायला ३ लागतो आणि ३ गावात नाही. तसंच १० मूळ, १८ मूळ, ५४ मूळ. आता या गावाच्या हातात आपली माळ द्या. १०८ म्हणजे २ गुणिले ५४, दोघेही मूळ, काम संपलं. दुसरा म्हणेल १०८ म्हणजे ६ गुणिले १८, तेही दोघे मूळ, त्याचंही काम संपलं. एकच माळ, पण तळाशी दोन निरनिराळी उत्तरं. आणि दोघांचीही आकडेमोड बिनचूक.

हे दोघे जन्मभर भांडले तरी त्या गावात तो वाद मिटणार नाही. मिटायचा कसा? ५४ म्हणजे ३ गुणिले १८. तो ३ तिथून उचलून २ च्या शेजारी ठेवला की २ चे ६ होतात, ५४ चे १८ राहतात, आणि दोन्ही उत्तरं एकच असल्याचं दिसतं. एवढंच काम आहे, एक तीन इकडचा तिकडे जायला हवा. पण त्या तिनालाच वेशीबाहेर ठेवलंय. दोघांना जोडणारा जो होता, त्यालाच गावाने आपलं मानलेलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. सम आणि विषम हे शब्द मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले. त्यांचीच समता आणि विषमता होते, हे त्या रात्रीपर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं.

माझं माहेर इथलं नाही. माझ्या लहानपणी माहेरच्या गावात सप्ताहाची पंगत बसायची. माझी एक वर्गमैत्रीण होती, गणितात माझ्यापुढे. तिचे वडील मंडपाच्या दोरीपलीकडे जमिनीवर बसायचे आणि तीही त्यांच्या शेजारी. बुंदी त्यांच्या द्रोणात वरून टाकत. तो द्रोण हातात धरून ती माझ्याकडे बघायची आणि मी माझ्या पत्रावळीकडे बघायचे. कीर्तनात त्या दिवशीही वाटा अनेक आणि मुक्काम एक हेच सांगितलं गेलं होतं. त्या वाक्यात खोट होती असं मी म्हणत नाही. ते ज्या मंडपात म्हटलं गेलं, त्या मंडपात ते खरं असू शकत नव्हतं, एवढं मात्र आज मला ठामपणे म्हणायचं आहे.

आणि संत चोखोबांचं काय झालं? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले, साल १३३८ सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेर. ज्याचे अभंग आत गायले गेले, त्याच्या माणसांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं. त्या वर्षी साने गुरुजींनी १ मे ते १० मे पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा देऊळ उघडलं. मधली सहाशे नऊ वर्षं भक्ती होती, वारी होती, ग्रंथ होते, सगळा व्यवहार चालू होता. आमच्या घरामागून जाणारं प्रवरेचं पाणीच पुढे नेवाशाला जातं. तिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या कर्त्यालाही संन्याशाचं पोर म्हणून आधी बाहेरच ठेवलं होतं, असं परंपरा सांगते. ज्या तिनामुळे हिशेब जुळायचा, तो वेशीबाहेर उभा असल्याची उदाहरणं शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही.

म्हणून मुक्काम एक आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर मी आता असं देते. एक आहे, पण कुणालाही न वगळता मोजलं तरच. एखाद्याला बाहेर ठेवून जो धर्म आपलं मूळ शोधतो, त्याला मूळ सापडल्यासारखं वाटतं, शेजाऱ्याला दुसरंच सापडतं, आणि दोघांचं भांडण लागतं. भांडणाचं कारण देव दोन असणं हे नाही. वगळलेला माणूस हे आहे.

दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड दोरा आणला आणि आम्ही माळ ओवायला बसलो. नात एकेक मणी माझ्या हातात देत होती, दर मण्यानंतर मी गाठ मारत होते. तुळशीचे मणी यजमानांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालेत, छिद्रं मात्र खडबडीत आहेत, सुई अडकते. नव्वदच्या पुढे गेलो तेव्हा तिने विचारलं, "आज्जी, मेरुमणी धरला तर १०९ होतात. तीही मूळ संख्याच ना?"

"हो. १०७ आणि १०९ जोडमूळ आहेत. मधोमध आपली माळ."

"मग मेरुमण्यालाही आपण मोजत नाही. तोही बाहेरच की."

मी गाठ अर्धी सोडून तिच्याकडे पाहिलं. जपात मेरुमणी ओलांडत नाहीत. तिथे पोचलं की माळ फिरवून उलट्या दिशेने परत यायचं, हे यजमान तिला मांडीवर घेऊन शिकवायचे. मी तिला एकाचं सांगून पाहिलं, की १ ला सुद्धा आपण मूळ संख्यांत धरत नाही, धरलं तर अवयवांत एक कितीही वेळा लिहिता येईल आणि एकच उत्तर राहणार नाही. पण कुणालाही न वगळलेल्या गावात १ आतच असतो, प्रत्येकाला त्याने भाग जातो. यादीत नसणं वेगळं आणि वेशीबाहेर असणं वेगळं.

तिने थोडा वेळ विचार केला. "पण हे मेरुमण्याला विचारलंय का कुणी?"

मी काही बोलले नाही. तिने परातीतला शेवटचा, शिवणयंत्राखाली सापडलेला मणी माझ्या तळहातावर ठेवला. तो ओवला, गाठ मारली. मग दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र करून मेरुमण्यात घातली आणि गोंडा बांधायला तिच्याकडे दिला.