निनावी रोपांचा न्याय

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत बियाण्यांची देवघेव नेहमी चालते. बदलीचा हुकूम आला की पलंग-कपाटे विकली जातात. दोडक्याच्या, मिरचीच्या, झेंडूच्या बिया मात्र जुन्या पाकिटांत घालून शेजाऱ्यांच्या हाती दिल्या जातात. पुढे पाकिटावरचे पेन्सिलीचे अक्षर पुसते आणि कुंडीत उगवते ते निनावी रोप. ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्याशी कसे वागावे, हा त्यातून उभा राहणारा प्रश्न वस्तुतः नीतीचा आहे.

प्रथम दिसणारी दोन पाने ही केवळ बीजदले होत. काकडी, दोडका, दुधी यांची बीजदले जाड, लांबटगोल व जवळजवळ सारखी. मिरची, वांगे, टोमॅटो यांची अरुंद. त्यांवरून कूळ कळते, व्यक्ती कळत नाही. खरी पाने आली म्हणजे पुरावा वाढतो. टोमॅटोचे पान चुरगळताच वास साक्ष देतो. झेंडूचे पान उजेडापुढे धरले असता तैलग्रंथींचे ठिपके दिसतात. लिनियसने १७३५ मध्ये वनस्पतींचे वर्ग पाडले, तेही फुलांतील केसरांवरून. पाकिटावरचे नाव शाबूत असते तरी ती देणाऱ्याची साक्ष झाली. भोपळ्याच्या फुलावर मधमाशीने कोणत्या वेलाचा पराग आणला, हे त्या देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तर मग प्रत्येक रोपाला फुलेपर्यंत अभय द्यावे काय? या उदार मताला गाजर गवत हे खडखडीत उत्तर आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याची कातरलेली पाने कोवळेपणी शेवंतीची आठवण करून देतात. महिना-दीड महिन्यात ते फुलते, आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते. धोतऱ्याचे उदाहरण तर याहून गंभीर. त्याचे बी मिरचीच्या बीसारखे दिसते, म्हणूनच न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत दोहोंतील भेदाच्या खुणा मुद्दाम दिलेल्या असतात. येथे भोळेपणा प्राणावर बेतू शकतो.

मला वाटते, वाढू देणे आणि विश्वास टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपटलेले रोप पुन्हा लावता येत नाही. वेगळ्या कुंडीत हलवलेल्या रोपाविषयीचा निर्णय मात्र बदलता येतो. म्हणून संशयिताला वेगळी जागा द्यावी, पुरावा येऊ द्यावा, ओळख पटेपर्यंत त्याचे पान वा फळ तोंडात घालू नये. आणि गाजर गवत ठरले, तर बी धरण्यापूर्वी ते हातमोजे घालून निःशंकपणे उपटावे. थांबण्यालाही मुदत असते. ती न पाळणारा सहिष्णू नसून बेफिकीर होय.

परप्रांतात आपणही आडनावावरून व उच्चारावरून, म्हणजे बीजदलांवरूनच, प्रथम पारखले जातो; आणि नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याविषयी आपणही पहिल्याच आठवड्यात मत बनवून मोकळे होतो. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा; मिरचीही अमेरिकेतून आलेली. कोणे एके काळी तीही येथे अनोळखी रोपेच होती. कोणीतरी त्यांना जागा दिली, आणि बहुधा डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर लक्षही ठेवले असेल.