पिल्लाआधी त्याची आई पाहा

घरात कुत्रा आणायचं ठरलं की शहरातली कुटुंबं आज बहुधा लहान जातींकडे वळतात. दोन खोल्यांचा फ्लॅट, सोसायटीचे नियम, दिवसभर कामावर असणारी माणसं. अशा घराला शिह त्झू, पग, पॉमेरेनियन किंवा डॅशहुंड सोयीचा वाटतो. मोबाइलवर फोटो येतात, किंमत ठरते, टोकन दिलं जातं आणि पिल्लू घरपोच मिळतं. या सगळ्या व्यवहारात पिल्लाची आई कुठेच दिसत नाही. ब्रीडर जबाबदार आहे की नाही, हे मात्र सगळ्यांत खात्रीने तिच्यावरूनच कळतं. म्हणून जो तिला दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, मग ते कितीही गोजिरवाणं असो.

इंग्लंडने हा विचार कायद्यात आणला. ल्युसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची मादी २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून सोडवली गेली. पिंजऱ्यात कोंडून तिच्याकडून वेतामागून वेत घेतलं गेलं होतं. तिचा कणा वाकला होता, अंगावरचे केस जागोजागी गेले होते. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू तिथे आता दुकानदाराला किंवा मध्यस्थाला धंदा म्हणून विकता येत नाही. ब्रीडरने ते जन्मलं त्या जागी, आईसोबत दाखवायचं असतं.

आपल्याकडेही नियम आहेत. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाची होण्याआधी मादीची पैदास करायची नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. पण गल्लीबोळातल्या प्रत्येक ब्रीडरच्या दारी तपासनीस पोचत नाही, ग्राहक पोचतो. त्यामुळे नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद पुढे करून ‘पेडिग्री आहे’ म्हटलं, की अनेकजण निश्चिंत होतात. त्या कागदांवरून वंशावळ कळते, तब्येत कळत नाही.

तब्येत आईकडे पाहून कळते. अनोळखी माणूस आल्यावर ती जवळ येते, की कोपऱ्यात अंग चोरून बसते? नखं वाढून वळली असतील, तर तिला मोकळं फिरायला क्वचितच मिळत असणार. तिला अंगणात थोडं चालवायला सांगावं. चालता चालता ती मागचा एक पाय मध्येच उचलते, तीन पायांवर दोन उड्या घेते आणि काही झालंच नाही अशी पुन्हा चालू लागते. असं दिसलं तर तिच्या गुडघ्याची वाटी सरकत असण्याची दाट शक्यता आहे. लहान जातींमध्ये हा दोष नेहमी आढळतो आणि तो पिल्लांत उतरू शकतो. पगच्या बाबतीत कान देऊन श्वास ऐकावा. सावलीत स्वस्थ बसलेल्या मादीचाही श्वास घरघरत असेल, तर चपट्या नाकाचा तो त्रास तिच्या पिल्लांच्याही वाट्याला येण्याचा धोका मोठा. खाण तशी माती.

आकाराच्या हौसेने तर फार नुकसान केलं आहे. ‘टीकप’ म्हणून मोठ्या किमतीला विकली जाणारी स्वतंत्र जात कुठल्याही प्रमुख केनेल क्लबने मानलेली नाही. इतक्या चिमुकल्या पिल्लाने काही तास खाल्लं नाही, तरी रक्तातली साखर उतरून त्याला झटके येऊ शकतात. लहान दिसावं म्हणून महिन्याभराचं पिल्लूही आईपासून तोडून विकलं जातं. आठ आठवड्यांची अट याचसाठी हवी. दात किती जोरात लावायचे, खेळ कुठे थांबवायचा, हे पिल्लू आई आणि भावंडांमध्ये शिकतं. ते शिकणं हुकलं, की पुढे ‘फार चावतो’ म्हणून दोष त्याच्यावरच येतो.

काहीजण अशा जागेवरून मरगळलेलं पिल्लू दयेपोटी विकत घेतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण त्या पैशांतूनच त्या मादीचं पुढचं वेत घेतलं जातं. अशा वेळी न विकत घेता तक्रार करणं जड जातं, तरी तेच योग्य. मुळात विकत का घ्यावं, रस्त्यावरचं गावठी पिल्लू का आणू नये, हा प्रश्नही रास्त आहे. ज्याला ते जमेल त्याने जरूर आणावं. ज्यांचा विकत घेण्याचा निर्णय झालाच आहे, त्यांना नुसता नकार ऐकवला तर ते सगळ्यांत बेफिकीर विक्रेत्याच्या हाती लागतात. त्यांना पारख शिकवणं अधिक उपयोगाचं.

चांगला ब्रीडर आपल्यालाही प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असतं, पशुवैद्य किती लांब आहे, गावाला गेलात तर कुत्र्याचं काय? तो लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही दाखवतो, पुढच्या वेतापर्यंत थांबायला सांगतो आणि सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत घ्यायची तयारी ठेवतो. त्याची किंमत जास्त वाटेल. पण ती मादीला दिलेल्या विश्रांतीची, तिच्या खाण्याची आणि तपासण्यांची किंमत आहे. स्वस्त पिल्लाच्या व्यवहारात हा खर्च आईच्या शरीरातून वसूल होतो आणि उरलेला आपण पुढे दवाखान्यात भरतो. ग्राहक जे खपवून घेतो तेच बाजार पिकवतो. म्हणून आई पाहायला मिळाली नाही तर टोकन न देता निघून यावं, आणि का घेतलं नाही हे विक्रेत्याला तोंडावर सांगावं.