झेब्र्याचा प्रश्न

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या आसपास, आखूड गवताचा अफाट माळ आहे. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, गवत कसदार. पाऊस झाला की विल्डबीस्टच्या गाभण माद्या विण्यासाठी इथेच येतात आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळ्या मोकळ्या होतात. ही गोष्ट तिथलीच, 1965च्या आसपासच्या एका फेब्रुवारीतली. जनावरं बोलतात एवढं गोष्टीपुरतं चालवून घ्या. मागचा इतिहास मात्र घडलेला आहे.

एक पहिलटकरीण सकाळी व्याली. ओलं पिल्लू गवतावर पडलं, त्यानं मान झटकली, उठायला गेलं आणि तोंडावर आपटलं. पुन्हा उठलं, तर मागचे पाय फाकले. तिसऱ्या खेपेला चारही पायांवर थरथरत उभं राहिलं आणि दूध शोधायला आईच्या पुढच्या पायांत ढुशा द्यायला लागलं. आईची वार अजून पडायची होती. जन्मून जेमतेम सात-आठ मिनिटं झाली होती, आणि पिल्लाला चालता येत होतं.

शेजारणीचं पिल्लू एवढं नशीबवान नव्हतं. ते उभं राहण्याआधीच खडकाआडून सिंहीण आली. कळप फुटला, धूळ उडाली, धूळ बसली. शेजारीण बराच वेळ त्याच जागेपाशी येऊन हुंगत राहिली.

पहिलटकरणीला ते बघवेना. "या सिंहांचं निसंतान व्हायला हवं," ती म्हणाली. "हे आहेत तोवर आपला कळप वाढायचा नाही."

आजूबाजूच्या माद्यांनी माना हलवल्या. कुणाचं ना कुणाचं एखादं पिल्लू सिंहानं नेलेलं होतंच. कळपातली म्हातारी तेवढी गप्प होती. पलीकडे एक म्हातारा झेब्रा चरत होता. उंच, जाड गवत हे झेब्रे आधी खातात आणि मागून येणाऱ्यांना खालचं कोवळं मोकळं करून देतात, त्यामुळे कळपाची त्यांच्याशी जुनी सोबत. त्यानं मान वर केली.

"पोरी, एक विचारू? सिंह आम्हांलाही खातो. तरसं आमचीही शिंगरं नेतात. मग जी वाईट वर्षं आली त्यात तुमचेच माळ ओस का पडले? आमचे का नाही पडले?"

पहिलटकरणीला उत्तर सुचेना. तिनं म्हातारीकडे पाहिलं.

"माझ्या आजीनं मला सांगितलेलं तुला सांगते," म्हातारी म्हणाली. "तिच्या काळी बंदुका घेऊन माणसं यायची. सिंह म्हणजे उपद्रव, म्हणून दिसेल त्याला गोळी. रांगेनं कातडी वाळत पडायची. सिंह इतके विरळ झाले की शेवटी माणसांनाच त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी लागली. आपल्या म्हाताऱ्यांना वाटलं, आता सुखाचे दिवस आले."

"आणि?"

"कळप वाढला नाही."

मग तिनं स्वतःचं सांगितलं. तिची पहिली तीन पिल्लं सिंहानं नेली नव्हती. उन्हाळा, नदी, मगरी, सगळ्यांतून ती निभावली होती. चिकातून आईचं जे बळ मिळतं ते सहा-सात महिने पुरलं. पुढे डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, नाक वाहू लागलं, तोंडात फोड आले. गवत समोर असून चावता येईना. मग हगवण लागली. वर्षाची होता होता तिन्ही गेली. "तिसरीच्या अंगावर गिधाडं उतरली तेव्हा मी शेजारी उभी होते. सिंह त्या दिवशी कुठे जवळपाससुद्धा नव्हता. तरी मी शिव्या सिंहालाच दिल्या, कारण मला तो एकटाच दिसत होता."

कुणी काही बोललं नाही. म्हातारीनं मान माळाकडे वळवली. "आता ती मागच्या वर्षीची बघ." शिंगं फुटलेली वर्षभराची पोरं शेकड्यांनी चरत होती. डोळे कोरडे, पोटं भरलेली. "सिंह आहेत तेवढेच आहेत. पण ही जगली."

"कशी?"

ते म्हातारीला माहीत नव्हतं. झेब्र्यालाही नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

त्या रोगाला मराठी शेतकरी बुळकांडी म्हणतो. नावातच लक्षण आलं. आपल्याकडे तिनं दावणीच्या दावणी रिकाम्या केल्या. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा 1889मध्ये पुण्यात सुरू झाली आणि नंतर हिमालयात मुक्तेश्वरला गेली, तिचा जुना वैरीही हाच. त्याच सुमारास, 1880च्या दशकाच्या अखेरीस, आशियातून नेलेल्या गुरांबरोबर रोग पूर्व आफ्रिकेत उतरला. मसाईंची बहुतेक सगळी गुरं मेली आणि गुरांमागून माणसं उपासमारीनं गेली. त्या काळाला मसाई 'एमुताई' म्हणतात, म्हणजे पार पुसून जाणं. रानातल्या विल्डबीस्ट आणि रानम्हशी तशाच मेल्या. झेब्रा घोड्याच्या जातीचा. त्याला बुळकांडी होत नाही. म्हाताऱ्या झेब्र्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, पण तो प्रश्न कुणीतरी विचारावा लागतो. ज्याचं पिल्लू आत्ताच गेलं आहे त्याच्या तोंडून तो निघणं कठीण, म्हणून शेजाऱ्यानं विचारावा लागतो, आणि तोही मायेनं. मला या गोष्टीत तो झेब्रा सर्वांत मोठा वाटतो.

माणसांचा संशयसुद्धा उलट्याच दिशेला होता. अनेकांना वाटायचं, रानातली जनावरं आपल्या गुरांना रोग देतात. मग केनियात नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यानं 1960च्या सुमारास स्वस्त आणि भरवशाची लस तयार केली. त्या काळात सेरेंगेटीच्या भोवतालच्या गावांतली गुरं टोचून घेतली गेली. गुरांतला रोग थांबला आणि 1963च्या सुमारास रानातल्या विल्डबीस्टमधूनही तो नाहीसा झाला. रोग गुरांकडून रानात जात होता, हे तेव्हा कळलं.

पुढचं मोजलेलं आहे. 1961मध्ये सेरेंगेटीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. 1977पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. झेब्रे होते तेवढेच राहिले. लाखो तोंडं गवत खाऊ लागली तसे वणवे कमी झाले, वणवे कमी झाले तशी झाडं उगवून वर आली. सिंह आणि तरसंही वाढली. पहिलटकरणीला ज्यांचं निसंतान हवं होतं ते वाढले आणि तिचा कळप पाचपट झाला, दोन्ही एकाच वेळी.

2011मध्ये बुळकांडी साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. सेरेंगेटी वाचली ती गोठ्यातल्या गुरांना टोचलेल्या लसीनं. माळावरच्या त्या लाखो विल्डबीस्टना कुणीही सुई टोचली नव्हती.