ते पैसे तुमचे नव्हते

बसा सगळे. खजिनदार, तू पुढे ये. अकरावीतही तू मागच्या बाकावर बसायचास आणि तेरीज जुळली नाही की खोडरबर शोधायचास. आणि ही शाल आधी परत घ्या. मागच्या रविवारी माझ्या खांद्यावर टाकलीत, फोटो काढलेत. घरी जाऊन तुमची वही चाळतो, तर शालीचं बिल दुकानदाराला दिलेलंच नाही. उधारीच्या शालीत मला ऊब येत नाही. नारळ मात्र खाल्ला. त्याचे 40 रुपये वहीच्या पहिल्या पानात ठेवलेत, जमेला धरा.

वही तुम्हीच दिली होतीत. "सर, जरा बघा ना, नोटीस आलीये." बघितली. दोन रात्री बसून बघितली. आता ऐकायचं.

प्रशिक्षकाला महिन्याला 20,000 ठरवलेत. अकरा महिने 18,000 हातात दिलेत आणि 2,000 कापलेत. नोंद काय सुरेख केलीय: "टीडीएस कपात". खाली लाल रेघ. तर सांगा, हे 22,000 रुपये गेले कुठे? मी शोधले. थोडे टर्फच्या भाड्यात गेले, थोडे जर्सीत, आणि उरलेले त्या फलकावर गेले, ज्यावर चेंडू लहान आणि तुमचे चेहरे मोठे आहेत. सरकारी तिजोरीत एक रुपयाही नाही.

पुस्तपालन मी शिकवलं तुम्हाला. कापलेला टीडीएस ताळेबंदात कुठे येतो? बोला. छताकडे काय बघताय? देयता बाजूला येतो! म्हणजे देणं. तुम्ही तो शिल्लक समजून खर्चलात. शेजाऱ्यानं गावी जाताना किल्ली दिली म्हणून आपण त्याचं कपाट विकत नाही ना?

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा असतो. नाही भरला की महिन्याला दीड टक्का व्याज. तिमाहीचं विवरणपत्र चुकलं तर दिवसाला 200 रुपये, आणि ते कापलेल्या रकमेएवढे होईपर्यंत चढत राहतात. तुमची तिमाहीची कपात 6,000. करा भागाकार. मोबाइल खाली ठेव, तोंडी कर. तीस! तिसाव्या दिवशी दंड मुद्दलाच्या बरोबरीला येतो. तुम्ही तर गणपती, दिवाळी, होळी सगळं साजरं करून मग नोटीस उघडलीत. आणि कर कापून न भरणं हा नुसता उशिराच्या दंडाचा मामला नाही, कायद्यानं तो गुन्हा आहे. क्लब ट्रस्ट म्हणून नोंदवताना विश्वस्त म्हणून सह्या कुणी केल्या? तेव्हा पेनासाठी भांडत होतात.

पण मला राग त्याचा नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तो तुमचा प्रशिक्षक रबाळ्याला भाड्यानं राहतो. घराच्या कर्जासाठी बँकेत गेला. बँकेनं 26-एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, मागितला. त्यात तुमच्या क्लबचं नावच नाही! त्याच्या पगारातून कापलेले पैसे ना त्याच्या खिशात, ना त्याच्या नावावर. वर शेवटच्या दोन महिन्यांचं मानधनही थकलेलं. तरी तो पहाटे साडेपाचला शंकू मांडून उभा असतो, कारण तुमच्या अंडर-13 च्या पोरांना त्यानं शब्द दिलाय. तुम्ही त्याला काय सांगितलंत? "होईल सर, सगला नीट होईल." बोली गोड आहे आपली. तिचा असा वापर करू नका.

आता तो मागचा हसतोय. म्हणे, मोठमोठे क्लब बुडतात, आपलं काय घेऊन बसलात. बरं. मोठ्यांचंच ऐक.

ग्लासगोचा रेंजर्स. 1872 चा क्लब, 2011 पर्यंत 54 वेळा स्कॉटलंडचा विजेता. 2011 च्या मे महिन्यात क्रेग व्हाइट नावाच्या माणसानं तो 1 पौंडाला घेतला. वडापावही मिळाला नसता त्यात तिथे. बँकेचं कर्ज फेडायला पुढच्या हंगामांची तिकिटं आधीच एका कंपनीला विकून मोकळा झाला. आणि खेळाडूंच्या, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर? तो भरलाच नाही. व्हॅट धरून सुमारे 90 लाख पौंड थकले. ओळखीचं वाटतंय? तुमच्याच वहीतलं पान आहे ते, फक्त शून्यं जास्त. 14 फेब्रुवारी 2012 ला क्लबवर प्रशासक आला. प्रशासक काय असतो ते नवी मुंबईकरांना मी सांगायला नको, 2020 नंतर आपण महापालिकेत तेच बघितलं. क्लबचे 10 गुण कापले गेले. जूनमध्ये करखात्यानं तडजोड फेटाळली, जुनी कंपनी अवसायनात गेली आणि नव्या कंपनीला थेट चौथ्या पायरीवरून खेळायला लागलं.

पण त्यातली एक नोंद मला रात्रभर डाचली. धनकोंची यादी जाहीर झाली तेव्हा तिच्यात बड्या बड्या रकमांच्या खाली एक बाई होती. सामन्याला आलेल्या पोरांचे चेहरे रंगवणारी. तिचे 40 पौंड थकले होते. एवढा शंभर वर्षांवरचा क्लब, आणि चेहरे रंगवणारीचे चाळीस पौंड! आता तुमच्या वहीचं शेवटचं पान. "मावशी, जर्सी धुलाई, 1,800 बाकी." मावशींना हे माहीत आहे का, की त्यांचं नाव रेंजर्सच्या यादीशेजारी शोभेल?

पोर्ट्समथचं थोडक्यात सांगतो. 2008 ला एफए कप जिंकला आणि 2010 ला दिवाळखोरीत. प्रीमियर लीगमधला पहिला, 9 गुण गेले. तिथे नियम असा, की क्लब बुडाला तर खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे पैसे पूर्ण चुकते करायचे; उरलं तर बाकीच्यांना. बाकीच्यांत कोण? मैदानावर पडलेल्याला पट्टी बांधणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स. त्यांचे 2,700 पौंडांच्या आसपास थकलेले. करखात्यानं या नियमाविरुद्ध दावा लावला आणि 2012 ला हरलं. न्यायालयाचा मान ठेवून सांगतो, मला हा नियम शिक्षक म्हणून अजिबात पटत नाही.

परदेश राहू द्या. पुण्याकडे बघा. पुणे एफसी 2015 ला गेला, आय-लीगचा उपविजेता होता तो. भारत एफसी एक हंगाम खेळून त्याच वर्षी गेला. डीएसके शिवाजियन्स 2017 ला थांबला, आणि पुढच्या फेब्रुवारीत डी. एस. कुलकर्णींना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी 2019 ला आटोपला. त्याची जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादनं 2022 ला आयएसएल जिंकली, मग पगार थकले, फिफाची नोंदणीबंदी आली, खेळाडू पांगले, 2023-24 ला तळाला, आणि 2025 ला बिऱ्हाड दिल्लीला. चार वर्षांत एका शहराचे चार क्लब! बालेवाडीला नारंगी टी-शर्ट घालून जाणारी पोरं आता कुणासाठी ओरडत असतील, देव जाणे.

आणि त्याच वेळी महिंद्रा युनायटेड आठवतो. 1962 चा संघ, 2005-06 चा राष्ट्रीय विजेता. 2010 ला कंपनीनं सांगितलं, या हंगामानंतर आम्ही थांबतो, शालेय फुटबॉलकडे वळतो. मला वाईट वाटलं, कूपरेजला त्यांचे सामने बघितलेत मी. पण ते आधी सांगून थांबले. क्लब बंद करण्यात लाज नाही रे. दुकान बंद करताना वाण्याचं देणं चुकतं केलं की माणूस ताठ मानेनं घरी जातो.

तुम्हाला तर सबबही नाही. ठाणे-बेलापूर रस्ता धरून घणसोलीकडे गेलात तर रिलायन्सचं आवार लागतं. तिथे पोरांची फुटबॉल अकादमी आहे, गवत गालिच्यासारखं. ते बघून तुम्हाला तस्संच हवं झालं. तळवलीच्या गावठाणातला क्लब तुमचा, आणि ऐट आयएसएलची! अरे, त्या आयएसएलचीही काय गत झाली? ती चालवणाऱ्यांचा भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला पंधरा वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 ला संपला, नव्या निविदेला एकानंही बोली लावली नाही. त्याआधी ऑगस्टमध्येच बंगळुरू एफसीनं पगार थांबवले होते. वरून पैसा येईल म्हणून जे बसले, त्यांची ही कथा. तुमच्या वर तर कुणीच नाही, जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवाल्या काकांची देणगी सोडली तर.

मध्येच म्हणालास, "सर, आम्ही खाल्ले नाहीत, खेळासाठीच वापरले." ठाऊक आहे मला. तुमच्यातला एकही चोर नाही, म्हणून तर आज इथे आलोय. चोर असतात तर पोलीस पुरेसे होते. तुम्ही आळशी आहात आणि भपकेबाज आहात. दुसऱ्याच्या घामाचे पैसे चांगल्या कामाला लावले म्हणून ते आपले होत नाहीत.

आता लिहून घ्या. नाही, मोबाइलवर नाही, वहीत.

मेमधली नाइट टूर्नामेंट रद्द. चषक, डीजे, फलक, पाहुणे, सगळं रद्द. माझं नावही काढा. ती चार फुटी ट्रॉफी अजून दुकानात आहे ना? आगाऊ रक्कम परत मागा, निम्मी मिळाली तरी आणा. तुम्ही सात विश्वस्त आहात. कपातीचे 22,000 सातांनी आपापल्या खिशातून भरायचे, पोरांच्या फीमधून एक पैसा घ्यायचा नाही. व्याज आणि दंड किती होतो ते सीएकडे जाऊन काढा, आणि त्याची फी रोख द्या, त्यालाही धनको करू नका. विवरणपत्रं भरली की प्रशिक्षकाला घेऊन बसा, 26-एएस उघडा, त्याच्या नावापुढे रक्कम दिसेपर्यंत उठू नका. त्याचं दोन महिन्यांचं थकलेलं मानधन या सगळ्याआधी.

रविवारी सकाळी आठला मी परत येतो. शाळेच्या ओट्यावर बसेन. चलनाची प्रत माझ्या हातात पाहिजे. आणि खजिनदार, येताना मावशींकडून होऊन ये. 1,800 रुपये त्यांच्या हातात दे, सही घे. सही येत नसेल तर अंगठा घे. शाईचा पॅड मी आणतो.