रात्रीची पाळी

पिंगळीत एखादा माणूस मणक्याच्या ऑपरेशननंतर कमरेखाली लुळा होऊन घरी परतला, तर आठ दिवसांत सारं गाव भेटून जातं. येणारा खुर्ची ओढून बसतो, ‘होईल बरं’ म्हणतो, कुठल्याशा वैद्याचा पत्ता देतो. चहा मात्र त्याची बायकोच करते, जिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो.

अशा रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. बधिर कातडीला दाब कळत नाही. चुकलं तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. लघवीची नळी सांभाळायची, सांधे आखडू नयेत म्हणून पाय हलवत राहायचं. किती हालचाल परत येईल, हे सुरुवातीचे काही महिने डॉक्टरही ठामपणे सांगू शकत नाहीत. आणि कापूस वेचणीला आलेला असतो, तो कुणासाठी थांबत नाही.

अशा वेळी बाबा आणि साधनाताई आमट्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. बाबांना लकवा नव्हता. पण पाठीच्या कण्याच्या विकारानं बसणं संपलं, उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. तसेच ते १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. साधनाताईंची साथ थोर होती, त्यांचं ‘समिधा’ हे आत्मकथन वाचताना ते पानोपानी जाणवतं. पण त्यांच्यामागे आनंदवन होतं, शेकडो माणसांचं. पिंगळीतल्या बाईमागे दोनच हात असतात, तिचे स्वतःचे. तिला साधनाताईंची उपमा देऊन आपण घरी निघून जातो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि अंथरुणाला बाई खिळली तर? तिला तर अनेकदा माहेरी पाठवलं जातं. तिची नळी बदलायला शिकणारा नवरा दिसला की लोक बाईलवेडा म्हणतात. त्याची पाठ थोपटायला हवी, तीही चारचौघांत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे. ग्रामसभेत हा विषय निघायला हवा. तोवर भेटायला जाणाऱ्यानं सफरचंदं नेऊ नयेत. कुशीवर कसं वळवायचं ते दिवसाउजेडी शिकून घ्यावं, आणि आठवड्यातली एक रात्र आपल्याकडे मागून घ्यावी.