इशानंतरचा हिशेब



मालाडच्या बाजारातील दुकानदार रात्री शटर ओढण्यापूर्वी गल्ला मोजतो. शंभर रुपये कमी भरले तर पुन्हा मोजतो. कारण सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. परंतु दिवसभरात आपण कोणाचे मन दुखावले, कोणाचा हक्क बुडविला, याचा हिशेब आपल्यापैकी किती जण मांडतात?

दिव्य कुरआनच्या सूरह हश्रमध्ये (५९:१८) अल्लाहने ईमानधारकांना आज्ञा केली आहे, की प्रत्येकाने उद्यासाठी काय पुढे पाठविले आहे ते पाहावे. हजरत उमर फारूक (रजि.) हेही कयामतीपूर्वीच स्वतःचा हिशेब घेण्याची ताकीद देत. यालाच ‘मुहासबा’ म्हणतात. बगदादचे हारिस अल-मुहासिबी (मृत्यू इ.स. ८५७) या साधनेमुळेच त्या नावाने ओळखले गेले.

मात्र स्वतःला प्रश्न कोणता विचारला, यावर सारे अवलंबून असते. समजा, वडिलांच्या पश्चात मालवणीतील खोली विकली गेली. भाऊ स्वतःला विचारतो, “बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली ना?” उत्तर ‘होय’ येते आणि तो निश्चिंत होतो. “तिच्या लग्नात खर्च झालाच होता,” अशी पुस्तीही नफ्स जोडतो. प्रश्न सोयीचा असला, की उत्तरही सोयीचे मिळते.

आता प्रश्न बदलून पाहा: “तिने सही खुशीने केली, की माहेर तुटेल या भीतीने?” येथे मन अडखळते. हे अडखळणे म्हणजेच सूरह कियामहमध्ये (७५:२) उल्लेखिलेला ‘नफ्से लव्वामा’, अर्थात स्वतःस दोष देणारे मन, जागे होणे होय. सूरह निसामध्ये (४:११) मुलीचा वाटा खुद्द अल्लाहने निश्चित केला आहे. तो देणे हा भावाचा उपकार नव्हे.

तिर्मिजीतील हदीसनुसार कयामतीच्या दिवशी आयुष्य, ज्ञान, शरीर आणि संपत्ती यांविषयी विचारणा झाल्याखेरीज दासाचे पाऊल हलणार नाही. संपत्तीविषयी प्रश्न दोन असतील: कोठून मिळविली आणि कशात खर्च केली? हे प्रश्न आपल्याला आजच ठाऊक आहेत. आजच विचारले, तर चूक सुधारण्यास अवधी उरतो. त्या दिवशी तो उरणार नाही.

म्हणून आज इशाच्या नमाजनंतर घटकाभर एकांतात बसावे. ज्याच्याकडे बहिणीचा वाटा राहिला असेल, त्याने केवळ तौबा करून थांबू नये. माणसाचा हक्क परत केल्यानेच फिटतो. उद्या सकाळी तिला स्वतःहून फोन करावा.

अल्लाह आम्हा सर्वांना स्वतःला खरे प्रश्न विचारण्याची आणि खऱ्या उत्तरानुसार वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.